कानगोष्ट खाणारा नियम

समजा, तुम्ही गाजर आहात.

हसू नका. खरंखुरं गाजर नव्हे, ‘गाजर’ हा शब्द. तुम्ही बियाण्यांच्या एका दुकानाच्या वेबसाइटवर राहता. तिथे तुम्हाला जरा उठून दिसायचं आहे, म्हणून वेबसाइट बनवणाऱ्यानं तुमच्या पुढे एक खूण उभी केली आहे, ‘इथून ठळक’. आणि तुमच्या मागे दुसरी, ‘ठळक संपलं’. या खुणांना टॅग म्हणतात. टॅग टोकदार कंसांत राहतात. हा < उघडणारा कंस आणि हा > मिटणारा. वेबसाइट उघडली की संगणक त्या खुणा मनातल्या मनात वाचतो, तुम्हाला ठळक करतो आणि खुणा लपवून टाकतो. नाटकात पडदा ओढणारा माणूस कधी दिसतो का आपल्याला? तसंच.

आता समजा, तुम्हाला घर बदलावं लागलं. दुकानदारानं मोबाइलसाठी नवं अ‍ॅप काढलं आणि तुम्हाला उचलून तिथे ठेवलं. तिथे खुणा वाचणारं कुणीच नाही. मग तुम्ही लोकांसमोर उभे राहता ते पुढे-मागे खुणा लोंबकळत असताना. नव्या सदऱ्याची किमतीची चिठ्ठी काढायची राहून जावी, तसे.

अशी चिठ्ठ्या लोंबणारी गाजरं, मुळे, पालक स्वच्छ करण्याचं काम भिंगरीच्या आत्याकडे आलं होतं. आत्या प्रोग्रामर होती आणि घरातल्या जेवणाच्या टेबलावरच तिचं ऑफिस होतं. सकाळपासून बियाणेवाल्यांचे फोन चालू होते.

“अहो ताई, आमच्या गाजराच्या आधी बी, गाजराच्या नंतर बी! हा काय प्रकार आहे?”

“काका, ते इंग्रजी अक्षर आहे. ठळक करायची खूण असते ती.”

“गिऱ्हाईक विचारतंय, प्रत्येक भाजीबरोबर बी फुकट आहे का म्हणून! बी विकायचा धंदा माझा, वाटायचा नाही. दुपारपर्यंत काढून टाका सगळं.”

आत्यानं फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. एरवी यावर भिंगरी पोट धरून हसली असती. आज ती हसली नाही. ती खिडकीपाशी गेली, तिथून दारापाशी, दारापासून परत खिडकीपाशी. तिचं खरं नाव काही वेगळंच होतं, पण पायाला भिंगरी लावल्यासारखी ती घरभर फिरायची, म्हणून घरात तिला हेच नाव पडलं होतं. आज तर तिचा पाय जमिनीला टेकतच नव्हता.

“बस गं जरा,” आत्या म्हणाली. “तू फिरतेस आणि माझं डोकं फिरतं.”

भिंगरी बसली. लगेच उठली.

कारण उद्या सकाळी तिच्या घशातले टॉन्सिल काढायचे होते. डॉक्टरीणबाई गोड हसून म्हणाल्या होत्या, “तुला झोपवूनच काढणार. कळणारसुद्धा नाही तुला.” आणि भिंगरीला नेमकं तेच नको होतं. आपल्या तोंडात कुणीतरी चिमटे घालणार, आणि ते आपल्याला कळणारसुद्धा नाही? हे काय चांगलं झालं?

तिला बाबा हवा होता. आणि बाबा येणार नव्हता.

बाबा वेल्डर होता. आधी तो जवळच्या कारखान्यात जायचा आणि संध्याकाळी घरी यायचा. पण नव्या नोकरीसाठी तो समुद्रात गेला होता. खोल पाण्यात लोखंडी पायांवर उभा केलेला एक भलामोठा फलाट असतो, त्यावरून समुद्राच्या तळातलं तेल काढतात. तिथे बाबा पाइप जोडायचा. तिथे मोबाइल चालत नसे. कंपनीच्या वेबसाइटवर निरोपांचं एक पान होतं. घरच्यांनी त्यावर दिवसातून एकच निरोप लिहायचा, आणि फलाटावरचा कारकून तो भोंग्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचायचा. बाबानं त्या कारकुनाचं नाव पोपट ठेवलं होतं. बाबाही त्याच पानावर उत्तर लिहायचा.

“म्हणजे माझा निरोप सगळे ऐकणार?” बाबा निघाला तेव्हा भिंगरीनं विचारलं होतं.

“सगळे. स्वयंपाकीसुद्धा.”

“मग आपल्या कानगोष्टी?”

कानगोष्ट ही त्या दोघांचीच चाल होती. बाबा कारखान्यात जायचा तेव्हा भिंगरीच्या डब्यात चिठ्ठी ठेवायचा. चिठ्ठीतलं साधं बोलणं साधं लिहायचं, पण जे कानात सांगायचं ते टोकदार कंसांत. त्या दोन कंसांकडे नीट पाहा बरं. तोंडाच्या दोन बाजूंना धरलेले दोन तळहात दिसतात की नाही? ‘भाजी संपव <मलाही ती आवडत नाही>’ अशी एक चिठ्ठी होती. आईला त्यातली फक्त भाजी वाचून दाखवायची.

“पोपटाला मी बजावून ठेवीन,” बाबा म्हणाला होता. “कंसातलं दिसलं की तोंड बंद. ते कागदावर छापून माझ्या हातात द्यायचं. मग तर झालं?”

झालं होतं खरं. पण झालं नव्हतं. परवा बाबाचा निरोप आला होता, ‘मुकादम सुटी देतो म्हणतोय . गुरुवारच्या बोटीनं येऊ का?’ भिंगरीनं लगेच उत्तर टाइप केलं होतं. शेजारी आई बसली होती, तिकडे सगळा फलाट कान देऊन ऐकणार होता, मग उत्तर तरी कसं असणार? ‘नको येऊस. मी काय लहान आहे? मी मुळीच घाबरले नाही.’ आणि आई पाणी आणायला उठल्याबरोबर, शेवटच्या पूर्णविरामाच्या अलीकडे घाईघाईनं, ‘<खोटं. खूप घाबरले. तू येच>’.

काल त्यावर बाबाचं उत्तर आलं. ‘बरं, मग नाही येत . शाब्बास, माझी वाघीण .’

इतकंच. त्याच्या उत्तरात कानगोष्टसुद्धा नव्हती. तो समुद्रात गेल्यापासून एकही नव्हती. आई मात्र खूश झाली. “बघ, बाबाला किती कौतुक आहे तुझं!” असं म्हणून तिनं भिंगरीची पाठ थोपटली आणि ती कामाला गेली. आज गुरुवार होता. बोट दुपारी फलाटावरून सुटणार आणि रात्री बंदराला लागणार. त्यानंतरची बोट थेट पुढच्या आठवड्यात. तेव्हा टॉन्सिलही नसणार आणि भीतीही नसणार. मग बाबा येऊन काय उपयोग?

‘मी ये म्हटलं, तरी तो नाही म्हणाला.’ भिंगरी खिडकीपाशी गेली. ‘ये म्हटलं होतं मी.’ भिंगरी दारापाशी आली.

“इकडे ये,” आत्यानं शेवटी तिला हाताला धरून शेजारच्या खुर्चीवर बसवलं. “तुझ्या पायांना काम नाही, म्हणून ते चाललेत. डोळ्यांना देऊ काम? या खुणा काढायच्या आहेत. शेकडो पानं आहेत. हातानं काढायच्या म्हटलं तर मी म्हातारी होईन. म्हणून मी संगणकाला नियम सांगते. बघ हं. ‘उघडणारा कंस दिसला की तिथून मिटणाऱ्या कंसापर्यंत सगळं पुसून टाक.’ आता ‘गाजर. पेरणी थंडीत.’ या ओळीवर सोडते त्याला, हिच्या दोन्ही टोकांना खुणा आहेत.”

आत्यानं बटण दाबलं. गाजराची ओळ कोरी झाली. गाजर गेलं, पेरणी गेली, थंडीही गेली.

“आत्या! गाजरच खाल्लं त्यानं!”

“खाल्लं ना?” आत्या हसली. “या नियमाला आमच्यात खादाड म्हणतात. थट्टा नाही, खरंच तसं नाव आहे. त्यानं पहिला कंस धरला, आणि मिटणारा कंस कुठला? तर ओळीतला अगदी शेवटचा! मधलं जे काही होतं ते सगळं घशाखाली. सुक्याबरोबर ओलंही जळालं. आता मी त्याला आळशी करते. म्हणजे मिटणारा पहिला कंस भेटला की तिथेच थांब, पुढे जायचे कष्ट घेऊ नकोस.”

“आळशी असणं चांगलं असतं?”

“संगणकात कधीकधी. तू लगेच कानाला खडा लाव, गृहपाठाला हे चालत नाही.”

आळशी नियमानं ओळ नीट स्वच्छ केली. ‘गाजर. पेरणी थंडीत.’ एकही बी उरलं नाही. आत्यानं निःश्वास सोडला आणि तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

“काका, झालंच आहे… नाही, मुळ्यालाही नसेल बी… काका, बी नसलेला मुळा असं नाही म्हणायचं मला…”

ती बोलत बोलत स्वयंपाकघरात गेली. भिंगरी एकटी राहिली. समोर आत्याची चौकट उघडी होती, वरच्या खान्यात काहीही लिहा, खालच्या खान्यात पुसून झालेलं उमटतं. भिंगरीच्या बोटांना चैन नव्हतंच. तिनं लिहिलं, ‘आत्या गोड आहे <पण चहा कडू करते>.’

खालच्या खान्यात उमटलं, ‘आत्या गोड आहे .’

भिंगरी बघत राहिली. आधी तिला गंमत वाटली. मग गंमत थांबली. ‘आहे’ आणि पूर्णविराम यांच्यामध्ये एक मोकळी जागा होती. एका पडलेल्या दाताएवढी. ही जागा तिनं कुठेतरी पाहिली होती.

तिनं धावत जाऊन घरातला जुना टॅब आणला आणि निरोपांचं पान उघडलं. ‘बरं, मग नाही येत . शाब्बास, माझी वाघीण .’

तिला वाटलं होतं, वेल्डिंग करून करून बाबाची बोटं जाड झाली असतील, म्हणून पूर्णविराम लांब पडतो. परवाचा निरोप तिनं उघडला. ‘मुकादम सुटी देतो म्हणतोय .’ त्याच्याआधीचा उघडला. ‘इथे वारा फार आहे . जेवत जा .’ त्याच्याही आधीचा. ‘पोचलो .’

प्रत्येक निरोपात तेच. प्रत्येक निरोपात दात पडलेला.

“आत्या!” ती ओरडली. घसा सुजलेला, त्यामुळे आवाज बेडकासारखा निघाला. “आत्या, फोन ठेव! ठेव ना!”

“काका, एक मिनिट हं. काय झालं गं? पडलीस?”

“हे पान पण खातं!”

पुढचं तिनं इतक्या घाईनं सांगितलं, की आत्याला दोनदा थांबवावं लागलं. तळहात, डब्यातल्या चिठ्ठ्या, पोपट, ‘नको येऊस’, आणि कंसात ‘येच’. आत्यानं टॅब हातात घेतला. मग स्वतःच्या चौकटीतल्या ‘आत्या गोड आहे .’ कडे पाहिलं.

“माझ्याबद्दल पुढे काय होतं गं?”

“काही नाही. चहाबद्दल होतं. आत्या, सांग ना, तसंच झालंय ना?”

“तसंच झालंय,” आत्या हळूच म्हणाली. “कंपनीच्या पानानं लावलाय असाच नियम. कुणी निरोपात भलत्याच खुणा घालून पान मोडू नये, म्हणून सगळेच जण लावतात. हेतू चांगला आहे. पण शहाणा नियम आधी विचारतो, बाबा रे, तू खरोखरच टॅग आहेस का? हा विचारत नाही. कंस दिसला की चावला. चोर सोडून संन्याशाला फाशी.”

“म्हणजे माझं ‘येच’ बाबाला गेलंच नाही?”

“गेलं नाही. तुझी फक्त बहादुरी गेली.”

भिंगरी तोंड उघडं टाकून बसली. तिकडे बाबानं वाचलं असणार, नको येऊस. मी काय लहान आहे? आणि पोपटानं ते भोंग्यावरून सांगितलं असणार, आणि सगळे म्हणाले असणार, काय धीट पोरगी आहे वेल्डरची! बाबानं छापलेल्या कागदावर कंस शोधले असतील. उलटून पाहिलं असेल. पोरगी मोठी झाली, असं त्याला वाटलं असेल.

“आणि बाबाच्या कानगोष्टी? त्या मला कशा मिळतील?”

“त्या आता मिळणार नाहीत, बाळा. पुसलेलं त्यांनी कुठे जपून ठेवलं नसणार.”

भिंगरी उठली. खिडकीपाशी गेली नाही की दारापाशी गेली नाही. घड्याळाखाली जाऊन उभी राहिली. दुपार व्हायला फार वेळ उरला नव्हता.

“आजचा निरोप पाठवलास का?” आत्यानं विचारलं.

“नाही. रुसले होते.”

“चांगलं झालं रुसलीस ते. म्हणजे एक निरोप शिल्लक आहे. ऐक आता. टोकदार कंसाला वेषांतर करून पाठवता येतं. त्याच्याऐवजी चार अक्षरांचा एक गुप्त शब्द लिहायचा. नियमाला वाटतं, हा कुणी दुसराच आहे, आणि तो सोडून देतो. पलीकडे पोचला की तो वेष उतरवतो आणि पुन्हा कंस दिसायला हवा.”

“मग तसंच करू!”

“दिसायला हवा, असं म्हणते मी. काही पानं वेष उतरवत नाहीत. मग पोपटाला कंस दिसणार नाही, तसलीच काहीतरी विचित्र अक्षरं दिसतील आणि तो अडखळत सगळंच मोठ्यानं वाचेल. काही पानं वेष उतरवतात आणि मग पुन्हा नियम लावतात. तसं झालं तर परत गट्टम. आधी एक निरोप पाठवून बघितलं असतं, पण…”

“पण एकच आहे.”

“हो, एकच आहे.”

“गोल कंस टाकले तर?”

“गोल कंस खात नाही तो. पण गोल कंसाचं पोपटाला सांगितलंय का कुणी?”

नव्हतं सांगितलं. गोल कंसातलं पोपट वाचणारच. आणि न वाचता पुढे गेला, पण छापून बाबाला द्यायलाच विसरला तर? बाबानं सांगितलेलं ऐकणारा माणूस आहे की विसरणारा, ते कुणाला ठाऊक! भिंगरीनं टॅब मांडीवर घेतला. लिहिलं, पुसलं. ‘बाबा, जमलं तर ये’ असं लिहिलं. मग तेही पुसलं, कारण ‘जमलं तर’ म्हटलं की मोठ्या माणसांचं जमत नाही, हे तिला माहीत होतं. ‘बाबा, आई म्हणते ये’ असं लिहिलं.

“आई असं म्हणाली?” आत्या खांद्यावरून डोकावली.

“नाही.”

“ताकाला जाऊन भांडं लपवू नये गं.”

“सगळे ऐकतील ना पण!” भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. “स्वयंपाकीसुद्धा! परवा धीट, आणि आज रडूबाई! बाबाला चिडवतील ते!”

बियाणेवाल्यांचा फोन टेबलावर तसाच उघडा होता आणि त्यातून बारीक आवाज येत होता, “ताई? अहो ताई? मुळ्याचं काय झालं?” आत्यानं हात लांब करून तो बंद केला.

भिंगरीनं नाक पुसलं. टॅबवरच्या टोकदार कंसांकडे एकदा पाहिलं, आणि त्यांना हात न लावता लिहू लागली. सगळं बाहेर. तळहात न धरता.

‘बाबा, मी घाबरले आहे. परवा खोटं लिहिलं. तू ये. आजच्या बोटीनं ये.’

आणि आत्यानं काही म्हणायच्या आत ‘पाठवा’ दाबलं.

पानावर एक गोल फिरू लागला. आतापर्यंत भिंगरी फिरत होती. आता ती दगडासारखी बसून होती आणि गोल फिरत होता. मग ‘निरोप पोचला’ अशी अक्षरं आली. मग काहीच आलं नाही. आत्यानं मुळा स्वच्छ केला. पालक स्वच्छ केला. घड्याळाचा काटा पुढे सरकला. भिंगरी टॅबवरची नजर हलवेना.

उत्तर आलं, पण बाबाचं नव्हे.

‘कारकून लिहितो. निरोप वाचला. वेल्डर वरच्या शिडीवर होता. मुखवटा टाकून खाली पळाला, हातमोजे अजून इथेच पडलेत. बोटीचा भोंगा त्याआधी वाजला होता. धुक्यात इथून बोट दिसत नाही. कळलं की कळवतो.’

“मिळाली का बोट?” भिंगरी म्हणाली. “आत्या, मिळाली का?”

“त्यालाही माहीत नाही गं. भोंगा वाजला म्हणजे बोट सुटलीच असं नसतं.”

“पण सुटलेली असते कधीकधी.”

“असते.”

खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी पत्रा ओढत नेत होतं, त्याचा कर्कश आवाज खिडकीतून आत आला आणि गेला. भिंगरी उठली. टॅब तिनं आत्याच्या मांडीवर ठेवला, चपला पायात अडकवल्या आणि ती जिना उतरून पळत सुटली.

आई तळमजल्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. मागच्या खोलीत चाक गरगर फिरत होतं, त्यावर पाण्याची धार पडत होती आणि आई एक भिंग चाकाला लावून वाकून उभी होती. त्या खोलीत कानगोष्ट काय, साधं बोलणंही ऐकू येत नसे.

“काय गं? वर काही झालं का?” आई चाकावरून नजर न काढता ओरडली.

“आई, मला उद्याची भीती वाटते,” भिंगरी म्हणाली.

आईला ऐकू आलं नाही. पण तिनं लेकीचा चेहरा पाहिला, भिंग बाजूला ठेवलं आणि चाक बंद केलं. चाक बराच वेळ घरघरत हळूहळू थांबलं.

“काय म्हणालीस?”

घसा दुखत होता. तरी भिंगरीनं तो खाकरून मोकळा केला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पुढे दुकानात बसलेली गिऱ्हाइकंसुद्धा वळून बघतील इतक्या मोठ्यानं.